हुजुरांची उमेदवारी : विजयाराजे शिंदे आणि करैराची जागा (१९६७)

१. संज्ञेचा प्रश्न

इंग्लंडच्या पक्षीय राजकारणाचा परिचय मराठी वाचकाला प्रामुख्याने वृत्तपत्रांनी करून दिला. तेथील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' पक्षासाठी मराठीत 'हुजूरपक्ष' हा शब्द रूढ झाला आणि त्याच्या जोडीला यमक साधणारा 'मजूरपक्ष' आला. 'हुजूरपक्ष' हे मूळ नावाचे भाषांतर नव्हे. आहे ते जतन करण्याचा जो अर्थ मूळ शब्दात आहे, तो या मराठी शब्दात उतरलेला नाही. 'हुजूर' म्हणजे समक्षता, सन्निधता. पुढे धन्याची, दरबाराची सन्निधता. मराठी भाषकाने पक्षाचे तत्त्वज्ञान बाजूला ठेवून त्याचे सामाजिक स्थान नोंदवले आणि हा पक्ष कोणाच्या जवळचा, एवढे सांगितले.

दुसरीकडे, एकोणिसाव्या शतकातील सुधारणाविषयक वादांतून 'सनातनी', 'पुराणमतवादी', 'स्थितिप्रिय' असे शब्द घडले. त्यांचा रोख धर्माचार आणि कुटुंबव्यवस्था यांवर होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणारे लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले, तेव्हा त्यांच्या सुधारक विरोधकांच्या लेखी ती सनातनी मताचीच निवड होती. मात्र १८९२ च्या कायद्यानुसार झालेल्या त्या निवडणुकीत सामान्य रयतेला मत नव्हते. स्थानिक संस्थांचे सभासद मतदार होते. तिसरा अर्थ खाजगी मालमत्तेच्या बाजूने आणि राज्यसंस्थेच्या नियंत्रणाविरुद्ध उभे राहण्याचा. त्यासाठी मराठीला 'उजवा' या उसन्या दिशादर्शक शब्दावर भागवावे लागले.

दरबार, धर्म आणि मालमत्ता या तीन निष्ठा एकत्र आल्या म्हणजे पाश्चात्त्य अर्थाने परंपरानिष्ठ राजकारण सिद्ध होते, असे मानले जाते. भारतात त्या बहुधा वेगवेगळ्या पक्षांत विखुरलेल्या राहिल्या. १९६७ च्या निवडणुकीत मध्य प्रदेश विधानसभेच्या करैरा मतदारसंघातून विजयाराजे शिंदे यांनी जी उमेदवारी केली, तिच्यात त्या एका व्यक्तीच्या ठायी काही काळ एकवटल्या. त्या उमेदवारीचे फलित मात्र कोणत्याही परंपरानिष्ठ विचाराला अडचणीत टाकणारे ठरले. निष्ठेच्या बळावर मिळालेल्या जागेवरून निष्ठाबदलाचे राजकारण उभे राहिले. या विसंगतीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. ग्वाल्हेरची पूर्वपीठिका

शिंदे घराण्याची राजकीय स्मृती दिल्लीशी बांधलेली आहे. महादजी शिंदे यांनी १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत आणले आणि १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकीचा अधिकार मिळवला. ब्रिटिश अमदानीत ग्वाल्हेर हे हिंदी प्रदेशातील मराठी दरबाराचे प्रमुख केंद्र होते. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे अखेरचे वास्तव्य याच शहरातले. घराण्याचे नावही भाषेगणिक बदलते : मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया, इंग्रजीत त्याचे आणखी एक रूप. हा केवळ उच्चारभेद नाही. मराठीतील 'शिंदे' हे इतर असंख्य कुळांसारखे एक आडनाव आहे. हिंदीतील 'सिंधिया' हे एकाच राजघराण्याचे नाव झाले आहे. मतदार ज्या नावाला ओळखत होता ते दुसरे होते.

विजयाराजे जन्माने मराठी नव्हत्या. १२ ऑक्टोबर १९१९ रोजी सागर येथे त्यांचा जन्म झाला. वडील ठाकूर महेंद्रसिंह सरकारी सेवेत होते, तर आजोळ नेपाळमधून निर्वासित झालेल्या राणा कुळातले. लेखा दिव्येश्वरी देवी हे त्यांचे माहेरचे नाव. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी जिवाजीराव शिंदे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या 'विजयाराजे' झाल्या आणि मराठी दरबाराची रीतही त्यांनी सासरी आत्मसात केली. त्यांच्या ठायी पुढे ज्या परंपरेचा पुकारा झाला, ती त्यांना रक्ताने नव्हे तर विवाहाने मिळालेली होती.

१९४८ मध्ये मध्य भारत संघ स्थापन झाला आणि जिवाजीराव त्याचे राजप्रमुख झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, राजप्रमुखपद संपुष्टात आले आणि राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरने काही वर्षांच्या अंतराने आधी राज्य आणि मग राजधानीपण गमावले. या प्रदेशात हिंदू महासभेचे बळ मोठे होते. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही जागांवर विजयी झाले. त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरच्या जागेवर डॉ. नारायण भास्कर खरे निवडून आले. दोघेही मराठी भाषक होते. काँग्रेसश्रेष्ठींना या यशामागे राजवाड्याची सहानुभूती दिसत होती.

हा संशय दूर करण्यासाठी विजयाराजे दिल्लीला गेल्या. पंडित नेहरूंनी त्यांना गोविंद वल्लभ पंत आणि लालबहादूर शास्त्री यांच्याकडे पाठवले आणि पतीची बाजू मांडायला गेलेल्या महाराणी स्वतःच काँग्रेसच्या उमेदवार होऊन परतल्या, असा त्या प्रसंगाचा वृत्तान्त आहे. १९५७ मध्ये गुना येथे त्यांनी देशपांडे यांचा पराभव केला. पाच वर्षांपूर्वी महासभेकडे गेलेले मत आता महाराणींमागून काँग्रेसकडे आले. मतदाराची निष्ठा पक्षाशी नसून राजवाड्याशी आहे, याचा हा पहिला पुरावा होता आणि तो काँग्रेसनेच मिळवून दिला होता. १६ जुलै १९६१ रोजी जिवाजीरावांचे निधन झाले. १९६२ मध्ये विजयाराजे ग्वाल्हेरमधून पुन्हा काँग्रेसतर्फे लोकसभेत गेल्या. तोवर महाराणीच्या 'राजमाता' झाल्या होत्या. हिंदीत या शब्दाचा अर्थ राजाची आई एवढाच. मराठी कानाला मात्र त्यात जिजाबाईंचा घोष ऐकू येतो. शिवाय या घराण्यात वैधव्यानंतर राज्य हाती घेणाऱ्या बायजाबाई शिंदे यांचा १८२७ ते १८३३ या काळातील कारभार स्मरणात होता, तर शेजारच्या माळव्यात अहिल्याबाई होळकरांचा आदर्श. विधवा राज्यकर्तीची प्रतिमा या भागाला नवी नव्हती. तिने मत मागणे तेवढे नवे होते.

३. राजमाता आणि कवी-मुख्यमंत्री

विजयाराजेंचे प्रतिस्पर्धी द्वारकाप्रसाद मिश्र हे १९६३ पासून मुख्यमंत्री होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ते आणखी एका कारणाने परिचित असावेत. १९४२ च्या आंदोलनातील कारावासात त्यांनी 'कृष्णायन' हे अवधी महाकाव्य रचले. तुलसीदासांच्या 'मानस'च्या धर्तीवर दोहा-चौपाईत कृष्णचरित्र सांगणारे हे काव्य, खडी बोलीचे साम्राज्य स्थिर झाल्यावरही, जुन्या काव्यभाषेशी इमान राखते. त्यामुळे १९६७ च्या या संघर्षात एक बाजू परंपरेची आणि दुसरी नवतेची, अशी सरळ विभागणी करता येत नाही. साहित्यात परंपरेचा जतनकर्ता असलेला कवी राजकारणात संस्थानिकांचा कठोर विरोधक होता. परंपरेच्या नावाने उभ्या राहिलेल्या राजमाता विरोधी पक्षांची नवी मोट बांधत होत्या.

दोघांमधील वितुष्टाची कारणे १९६६ मध्ये साचत गेली. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूर येथे बस्तरचे माजी महाराज प्रवीरचंद्र भंजदेव पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या विद्यार्थी आंदोलनावरही गोळीबार झाला. पचमढी येथील युवक काँग्रेसच्या मेळाव्यात मिश्र यांनी विजयाराजेंच्या उपस्थितीत संस्थानिकांवर जिव्हारी लागणारी टीका केल्याचे सांगितले जाते. उमेदवार निवडीच्या मतभेदांची त्यात भर पडली. या साऱ्यांत मानापमानाचा अंश होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भंजदेवांच्या मृत्यूने माजी संस्थानिकांपुढे ठेवलेला प्रश्न व्यक्तिगत मानापुरता नव्हता. राज्य गेल्यावर उरलेली प्रजेची निष्ठा नव्या शासनाला धोका वाटली, तर त्या निष्ठेच्या धारकाला कायद्याचे संरक्षण कितपत मिळेल, असा तो प्रश्न होता. विजयाराजेंनी त्यावर निवडणुकीचा मार्ग धरला, हे महत्त्वाचे आहे.

४. दोन चिन्हे, एक उमेदवार

१९६७ मध्ये लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका एकत्र होत होत्या. विजयाराजे गुना येथून लोकसभेसाठी स्वतंत्र पक्षाच्या 'तारा' या चिन्हावर उभ्या राहिल्या आणि शिवपुरी जिल्ह्यातील करैरा येथून विधानसभेसाठी भारतीय जनसंघाच्या 'दीपक' या चिन्हावर. समोर दोन्हीकडे काँग्रेसची बैलजोडी होती. एकाच हंगामात एकाच उमेदवाराने दोन पक्षांची चिन्हे घेणे आज चमत्कारिक वाटते; पण त्यावरून त्या काळातील परंपरानिष्ठ राजकारणाची फाळणी स्पष्ट होते.

सहकारी शेतीचा पुरस्कार करणाऱ्या काँग्रेसच्या नागपूर ठरावानंतर १९५९ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा प्रभृतींनी स्वतंत्र पक्ष स्थापन केला. त्याचा भर मालमत्तेचा हक्क, मुक्त उद्योग आणि मर्यादित शासन यांवर होता. त्याच्या व्यासपीठावर उदारमतवादी विचारवंत आणि माजी संस्थानिक एकत्र बसले. जनसंघाचा पाया सांस्कृतिक राष्ट्रवादाचा, बांधणी शिस्तबद्ध कार्यकर्त्यांची, आणि संस्थानिकी थाटाविषयी त्याला ओढ नव्हती. १९६७ च्या लोकसभेत स्वतंत्र पक्षाला ४४ आणि जनसंघाला ३५ जागा मिळाल्या, तर काँग्रेस २८३ वर आली. दोन्ही पक्ष काँग्रेसच्या उजवीकडचे, तरी त्यांची सामाजिक भाषा वेगळी होती. एकाची परिभाषा इंग्रजीत घडलेली, दुसऱ्याची संस्कृतप्रचुर हिंदीत. करैराच्या मतदाराला या परिभाषांतील भेद महत्त्वाचा वाटला असण्याचा संभव कमी. त्याच्यासाठी तारा आणि दीपक ही दोन्ही एकाच नावाची चिन्हे होती.

करैरा हे शिवपुरी-झाशी मार्गावरील किल्ल्याचे गाव. शिवपुरी हे शिंद्यांच्या उन्हाळी वास्तव्याचे ठिकाण. घराण्याच्या छत्र्याही तेथेच. अशा प्रदेशात राजमातेचा प्रचार नव्या ओळखीची मागणी करत नव्हता. जुन्या ओळखीला मताचे रूप देत होता. येथे 'हुजूर' या शब्दाच्या अर्थाची दिशा उलटते. दरबारात प्रजा हुजुरांपुढे उभी राहते. निवडणुकीत हुजुरांना प्रजेच्या दारी उभे राहावे लागते आणि निर्णय मोजून, गुप्तपणे, प्रजेने द्यावयाचा असतो. या फरकाचे महत्त्व कमी लेखून 'सरंजामी मतदान' असे त्याचे वर्णन अनेकदा केले जाते. पण मतदाराने ज्या राजवाड्यामागून १९५७ मध्ये काँग्रेसला कौल दिला, त्याच राजवाड्यामागून १९६७ मध्ये काँग्रेसला नाकारले. त्यात शासनाविषयीचा असंतोष किती आणि निष्ठा किती, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही होत्या, एवढे नक्की.

विजयाराजे दोन्ही जागांवर विजयी झाल्या. राज्यघटनेच्या १०१ व्या अनुच्छेदानुसार संसद आणि राज्य विधिमंडळ यांचे सदस्यत्व एकाच वेळी धारण करता येत नाही. विहित मुदतीत राज्यातील जागेचा राजीनामा दिला नाही तर संसदेतील जागा रिक्त होते. म्हणजे न बोलणाऱ्या उमेदवाराला घटना राज्याकडे पाठवते. विजयाराजेंनीही राज्याचीच निवड केली. गुना येथील पोटनिवडणुकीत आचार्य जे. बी. कृपलानी लोकसभेवर गेले. दिल्लीकडे तोंड करून उभ्या असलेल्या घराण्याच्या सुनेने दिल्लीऐवजी भोपाळ पत्करले, कारण हिशेब भोपाळमध्ये चुकता व्हावयाचा होता.

५. छत्तीस आमदार

राज्यात मात्र काँग्रेसचा पराभव झाला नव्हता. २९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला १६७ आणि जनसंघाला ७८ जागा मिळाल्या होत्या. मिश्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. मतदाराने दिलेला निर्णय असा होता की ग्वाल्हेर भागाचा विरोध नोंदवावा, पण राज्य काँग्रेसने चालवावे. जुलै १९६७ मध्ये गोविंद नारायण सिंह यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे ३६ आमदार विरोधी बाजूस गेले. १६७ मधून ३६ वजा होताच १३१ उरले. बहुमताला १४९ लागत होते. मिश्र यांचे मंत्रिमंडळ कोसळले आणि ३० जुलै रोजी संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. दलाचे नेतृत्व विजयाराजेंकडे होते. मुख्यमंत्रिपद त्यांनी स्वतः न घेता गोविंद नारायण सिंह यांना दिले.

या त्यागाचे दोन अर्थ संभवतात. एका अर्थी ती सत्तेविषयीची अनासक्ती होती, आणि अनुयायांनी तिचा तसाच गौरव केला. दुसऱ्या अर्थी ती दरबारी रीत होती : कारभार दिवाणाने पाहावा, अधिकाराचे मूळ राजवाड्यात असावे. संसदीय पद्धतीत मात्र उत्तरदायित्व पदाला चिकटलेले असते. पद एकाचे आणि अधिकार दुसऱ्याचा, ही विभागणी टिकली नाही. मतभेद वाढले, मार्च १९६९ मध्ये गोविंद नारायण सिंह यांनी राजीनामा दिला, सारंगढचे राजा नरेशचंद्र सिंह अवघे तेरा दिवस मुख्यमंत्री राहिले आणि काँग्रेसचे सरकार श्यामाचरण शुक्ल यांच्या नेतृत्वाखाली परतले. गोविंद नारायण सिंहही स्वगृही गेले.

हे एकट्या मध्य प्रदेशाचे वैशिष्ट्य नव्हते. दिल्लीच्या वेशीवरील हरयाणात, हसनपूरचे आमदार गया लाल यांनी त्याच वर्षी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आया राम, गया राम' हा वाक्प्रचार हिंदीतून मराठीतही स्थिरावला. नोव्हेंबर १९६७ मध्ये हरयाणात राष्ट्रपती राजवट आली. केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतराचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या बारा महिन्यांत पक्षांतराच्या ४३८ घटना घडल्या, आणि विविध राज्यांतील २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जणांना त्यांनीच आणलेल्या मंत्रिमंडळांत स्थान मिळाले, असे समितीसमोर आलेल्या तपशिलातून दिसले. पक्षांतरित सदस्याला काही काळ मंत्रिपद मिळू नये, अशी तिची शिफारस होती. घटनादुरुस्तीद्वारे पक्षांतरबंदी यायला १९८५ उजाडले.

परंपरानिष्ठ विचाराचा गाभा संस्थांच्या सातत्यावरील विश्वासात असतो. रूढ मर्यादा मोडू नये, कारण ती मोडण्याची सोय उद्या प्रतिपक्षालाही मिळते, हा त्याचा जुना युक्तिवाद आहे. १९६७ मध्ये या विचाराच्या प्रतिनिधींनीच ती मर्यादा मोडण्यास हातभार लावला. त्यांच्या बाजूने असे म्हणता येते की वीस वर्षांच्या एकपक्षीय सत्तेत विरोधकांना दुसरा मार्ग दिसत नव्हता आणि काँग्रेसनेही अन्यत्र पक्षांतराचा लाभ घेतला. हे खरे आहे. तरीही करैराच्या मतदाराने दिलेला कौल त्याच्या प्रतिनिधीने पाळला आणि अन्य छत्तीस मतदारसंघांतील कौल मात्र त्याच प्रतिनिधीच्या पुढाकाराने फिरला, ही अडचण त्यामुळे संपत नाही.

६. कथनाचे दोन मार्ग

विजयाराजेंचे आत्मकथन इंग्रजीत मनोहर माळगावकर यांच्या सहकार्याने १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. माळगावकर हे संस्थानी जीवनावरील 'द प्रिन्सेस' या कादंबरीचे लेखक, आणि स्वतः संसदेची निवडणूक लढवलेले. हिंदीत मृदुला सिन्हा यांच्या सहकार्याने 'राजपथ से लोकपथ पर' हे आत्मकथन आले. लंडनला निघालेल्या आवृत्तीचे शीर्षक 'प्रिन्सेस' हे एका स्थितीचे नाव आहे. हिंदी शीर्षक प्रवासाचे आहे. पहिले परक्या वाचकाला लुप्त झालेल्या जगात नेते, दुसरे परिचित वाचकाला त्या जगातून बाहेर पडल्याची ग्वाही देते. एकच उमेदवारी पहिल्या चौकटीत संस्थानी काळाचा उपसंहार ठरते, तर दुसऱ्या चौकटीत लोकजीवनाचा आरंभ. 'राजपथ' आणि 'लोकपथ' या शब्दांच्या जोडीमुळे हे दोन वेगळे रस्ते आहेत असे सूचित होते. करैराचा अनुभव मात्र सांगतो की राजपथ मतपेटीपर्यंत सरळ गेला होता.

पुढील घटना सर्वपरिचित आहेत : १९७१ मध्ये भिंडमधून लोकसभा, त्याच वर्षी २६ व्या घटनादुरुस्तीने तनख्यांची समाप्ती, आणीबाणीत दिल्लीच्या तिहार तुरुंगातील स्थानबद्धता, १९८० मध्ये रायबरेलीत इंदिरा गांधींविरुद्धचा पराभव, भारतीय जनता पक्षाचे उपाध्यक्षपद, आणि २५ जानेवारी २००१ रोजी दिल्लीत निधन. मार्च २०२० मध्ये त्यांचे नातू ज्योतिरादित्य यांच्यामागून काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ यांचे सरकार पडले. १९८५ च्या कायद्यामुळे बाजू बदलण्याऐवजी जागा सोडून पुन्हा उमेदवारी करण्याची पद्धत रुळली होती. म्हणजे निर्णय, उशिराने का होईना, मतदाराकडे परत जात होता.

त्या २२ जणांत करैराचे आमदारही होते. २००८ पासून ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. राजमातेला निवडून देणाऱ्या मतदारसंघाची रचना आणि प्रतिनिधित्व दोन्ही बदललेली होती. नोव्हेंबर २०२० च्या पोटनिवडणुकीत पक्ष बदललेल्या आमदारांपैकी बहुतेक जण निवडून आले. करैराच्या मतदाराने मात्र आपल्या जुन्या आमदाराला पराभूत केले आणि काँग्रेसला कौल दिला. १९६७ मध्ये छत्तीस मतदारसंघांना जो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, तो २०२० मध्ये करैराला विचारला गेला.